टिल्डाची घंटा आणि लाल दिव्यांची थट्टा

मार्चमधल्या त्या मंगळवारी क्लार्क डेटमरला काय काय मिळणार होते, ते आधी मांडू या. डेअरी कंपन्यांचे काम आणखी एक वर्ष त्याच्याकडे राहणार होते. विधानसभेसमोरच्या खाणावळीतले खिडकीजवळचे टेबल त्याच्यासाठी राखून ठेवले जाणार होते. आणि सर्वांत मोठ्या डेअरीचा मालक, जो आजवर त्याला ‘अहो, ते हे’ म्हणून बोलवत असे, तो त्याला नावाने हाक मारू लागणार होता. एवढ्या मिळकतीसाठी क्लार्कचा खर्च काय? एक टोपली ताजे चीज आणि एक वाक्य. इतका स्वस्त सौदा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी पुष्कळ सौदे पाहिले आहेत. माझे निम्मे आयुष्य गाईंमध्ये गेले आणि निम्मे आमदारांमध्ये.

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. गाईच्या गळ्यात बांधतात तसली.

आमच्या राज्याच्या उत्तरेला, जिथे तळी दिवाळीच्या सुमारासच गोठू लागतात, तिथल्या एका लोहाराने मला घडवले. त्याने लोखंडी पत्रा वाकवला, कडा खिळ्यांनी जोडल्या, वरून पितळेचा पातळ मुलामा दिला आणि आत लोलक अडकवला. मला एकदा वाजवून पाहून तो म्हणाला, आवाज गोड नाही, पण लांब जाईल. माझ्याविषयी इतके खरे पुढे फारसे कुणी बोलले नाही.

ब्रेकी नावाच्या कुटुंबाने मला विकत घेऊन टिल्डाच्या गळ्यात बांधले. टिल्डा तपकिरी होती, हट्टी होती आणि कळपात सर्वांत शहाणी होती. ती चालली की कळप चालायचा, ती थांबली की थांबायचा. तिच्या पावलागणिक मी वाजत असे. घंटेला स्वतःचा आवाज असतो असे लोकांना वाटते, पण तसे नसते. जो चालतो त्याची चाल तिच्या आवाजात उतरते. धुक्याच्या सकाळी कुरणातले काहीच दिसत नसे, तेव्हा त्या घरातला लीलंड दारात उभा राहून नुसता कान देई आणि आईला सांगे, टिल्डा ओढ्याच्या अलीकडे आहे, आज खुशीत आहे. ते दिवस आठवले की आजही माझा लोलक वाऱ्याशिवाय थरथरतो.

पण कुरणे कुणाला जन्मभर पुरतात? ब्रेक्यांनी एके वर्षी सगळा कळप विकला. टिल्डाच्या गळ्यातून मला काढले आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकवले. लीलंड मोठा झाला, त्याचे लग्न झाले, केस विरळ झाले, आणि लोकांनी त्याला आमदार केले. राजधानीला निघताना त्याने मला कोटाच्या खिशात टाकले. कशासाठी, ते त्यालाही सांगता आले नसते.

विधानसभेत प्रत्येकाच्या मेजावर दोन बटणे असतात. हिरवे म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. कुणी काय दाबले ते समोरच्या मोठ्या फलकावर नावापुढच्या दिव्यात दिसते. दाबलेले बदलताही येते. अध्यक्षांनी कळ फिरवली, की मात्र दिवे जसे असतील तसे पक्के होतात. आता आमच्या सभागृहाची एक जुनी खोड ऐका. नव्या सदस्याचे पहिले विधेयक मताला आले, की त्याची थट्टा करायची. आधी त्याला वेडेवाकडे प्रश्न विचारायचे, मग सगळ्यांनी मिळून लाल बटण दाबायचे. फलक लालभडक व्हायचा आणि नव्या माणसाचे तोंड पांढरेफटक. तो कावराबावरा होऊन इकडेतिकडे पाहू लागला, की सगळे पोट धरून हसायचे आणि दिवे हिरवे करायचे. हिरवे कधी करायचे, याची खूण लीलंड आल्यापासून मी देऊ लागले. तो मेजावरून उठून सभागृहाच्या मधोमध जायचा, हात उंच करायचा आणि मला वाजवायचा. फलक हिरवा व्हायचा, अध्यक्ष कळ फिरवायचे, टाळ्या पडायच्या, आणि नवा सदस्य त्या दिवशी सगळ्यांना घरून आणलेला केक वाटायचा.

माझे कौतुक फार झाले. वर्तमानपत्रात फोटो आला. गॅलरीत बसलेली शाळेची मुले माझ्याकडे बोट दाखवत. पण खरे सांगू? वर्षाकाठी दोनचारदा वाजायचे, तेही उभ्या माणसाच्या हातात. लीलंडचा हात हलत असे, पण त्यात चाल नव्हती. बाकीचा वेळ मी त्याच्या मेजावर कागदांवर वजन म्हणून बसत असे आणि भाषणे ऐकताना मनात एकच विचार करत असे, की या वेळी कुठेतरी कुरणात दव पडले असेल.

मग जनेल ओसेन निवडून आली. चाळिशी ओलांडलेली, रुंद हातांची, एकोणचाळीस गाईंची मालकीण. सकाळसंध्याकाळच्या धारा बहिणीवर सोपवून ती राजधानीत राहायची आणि शुक्रवारी दुपारी गाडी काढून संध्याकाळच्या धारेला गोठ्यात हजर व्हायची. तिला लीलंडच्या शेजारचे मेज मिळाले. पहिल्याच दिवशी तिने मला उचलले, तिरके धरले आणि आतली धूळ अंगठ्याने पुसली.

“नाव काय होतं गाईचं?” तिने विचारले.

“कुठल्या गाईचं?” लीलंड म्हणाला.

“घंटा आहे म्हणजे गाय असणारच की, लीलंड.”

“टिल्डा,” तो म्हणाला. किती वर्षांनी त्याने ते नाव उच्चारले होते.

“पुढे चालणारी?”

“पुढेच. मागे चालायचं तिला माहीतच नव्हतं.”

राजधानीत टिल्डाचे नाव विचारणारी ती पहिलीच.

तिचे विधेयक एका पानाचे होते. डेअरी कंपनीला एखाद्या गोठ्याचे दूध नको असेल, तर तिने सहा महिने आधी कळवावे, एवढेच त्यात होते. तेव्हा महिन्याची सूचना पुरत असे. लहान गोठ्यांपर्यंत टँकर पाठवणे कंपन्यांना नकोसे झाले होते. एक पत्र यायचे आणि महिन्याने टँकर यायचा थांबायचा. महिन्याभरात दूध घेणारा दुसरा कोण मिळतो? आणि गाय म्हणजे काही नळ नाही, की फिरवला आणि बंद केला. दूध येतच राहते, ते ओतून द्यावे लागते, आणि शेवटी कळप लिलावात जातो. जनेलच्या भागातले कितीतरी गोठे असे ओस पडले होते. तिच्या स्वतःच्या दारात टँकर अजून येत होता. तो येत राहावा, यासाठीच ती निवडणुकीला उभी राहिली होती, आणि हे ती लपवतही नव्हती.

राज्यभर या एका पानावरून रान उठले. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून विधानसभेच्या पायऱ्यांसमोर उभे केले. कंपन्यांनी रेडिओवरून सांगितले, की दूध महागेल आणि लहान मुलांचे हाल होतील. पण खरी अडचण झाली ती आमदारांची. विधेयक पाडावे तर शेतकरी पुढच्या निवडणुकीत पाडणार. मंजूर करावे तर कंपन्या निवडणुकीच्या खर्चाला हात आखडता घेणार. लाल दाबले तरी मार, हिरवे दाबले तरी मार. अशा वेळी लोकांना देव आठवतो. आमच्याकडे क्लार्क आठवत असे.

कंपन्यांच्या पगारावर आमदारांची मने वळवणाऱ्या लॉबीवाल्यांना आमच्या सभागृहात पाऊल टाकता येत नाही. दाराबाहेर एक पितळी कठडा आहे, त्याला टेकून ते उभे असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. त्यांच्या कोपरांनी तो कठडा इतका लखलखतो, की झाडणाऱ्यांना कधी तो घासावा लागत नाही. क्लार्क डेटमर हा कंपन्यांचा माणूस, त्या कठड्यावरचा सर्वांत गोड. कुणाचा गुडघा दुखतो आणि कुणाच्या मुलीचा कधी वाढदिवस, ते त्याला पाठ. विधेयकाविरुद्ध मत द्या, असे त्याने एकालाही सांगितले नाही. सोमवारी तो चीजची टोपली घेऊन उभा राहिला. ताजे चीज, चावताना दाताखाली चूंचूं वाजणारे. ज्याने ज्याने तुकडा उचलला, त्याच्या कानाशी वाकून तो हसत म्हणाला, “उद्या जनेलचं पहिलं विधेयक आहे ना? थट्टा झाली पाहिजे. आणि घंटा वाजली की घाई करू नका.”

बस्स, एवढेच. शेतकऱ्याने विचारले तर आमदार सांगणार, अहो, थट्टेत लाल दाबलं होतं, बदलायला बोट पोचलं नाही. कंपनीने विचारले तर सांगणार, शेवटी लालच होतं ना?

क्लार्कने आणखी एक गोष्ट हेरली होती, जी खुद्द लीलंडच्या लक्षात आली नव्हती. मला वाजवायला लीलंड मधोमध जातो आणि परत जागेवर पोचेपर्यंत अध्यक्षांची कळ फिरलेली असते. त्यामुळे दर वेळी लीलंडचा स्वतःचा दिवा लालच राहत असे. एवढ्या हिरव्यात एक लाल कोण बघतो? गॅलरीत बसून क्लार्क बघत असे. त्याने ते मत आपल्या बाजूला धरूनच बेरीज केली होती. हे सगळे मला नंतर कळले. अधिवेशन संपले, की कठड्यावरची मंडळी आपल्या हुशारीच्या गोष्टी फुकट सांगतात, आणि मी कुणाच्या तरी खिशात असतेच.

मंगळवारी जनेल उभी राहिली. एकाने विचारले, की सूचना मालकाला द्यायची की गाईला? दुसरा म्हणाला, गाईने सही करायला नकार दिला तर? जनेलही कच्ची नव्हती. ती म्हणाली, “सन्माननीय सदस्यांनी माझ्या गोठ्यात यावं. सही न करणाऱ्यांना कसं वळवायचं ते आम्ही रोज दोनदा करतो.” सभागृह हसले. मग फलक लाल झाला. वरपासून खालपर्यंत लाल.

लीलंड उठला, मधोमध आला आणि त्याने मला उंच धरले. मी वाजले. जिवाच्या आकांताने वाजले, कारण गाई राहणार की जाणार, ते माझ्या आवाजावर ठरणार होते. फलकावर हिरवे दिवे लागू लागले, एक, दोन, झुपकेच्या झुपके. आणि मग ते लागायचे थांबले. मी वाजतच होते. लोक हसत होते, खुर्चीत रेलून हसत होते, हात मांडीवर होते. अध्यक्ष प्रिबिल यांनी नेहमीप्रमाणे कळ फिरवली.

एक मत कमी पडले.

हसू ओसरायला वेळ लागला. पहिल्या रांगेत थांबले, मग दुसऱ्या. जनेल सर्वांत शेवटपर्यंत हसत होती. हाही थट्टेचाच भाग आहे, असे तिला वाटले. अध्यक्षांनी विधेयक नामंजूर झाल्याचे वाचून दाखवले, तेव्हा तिने केकच्या डब्यावरचा हात काढला.

आमच्या नियमांत एक वाट होती. नामंजूर झालेले विधेयक पुन्हा मताला घ्या, असे मागता येते. पण ते मागायचे तर लाल दाबणाऱ्यानेच, आणि दुसऱ्या दिवसाचे कामकाज संपायच्या आत. म्हणजे जनेलला स्वतःला मागता येणार नव्हते. कुणीतरी थट्टेकऱ्याने उठून म्हणायला हवे होते, की माझे चुकले. ती एकेका मेजापाशी गेली. सगळे किती हळहळले म्हणून सांगू. प्रत्येकाचे बोट थोडक्यात चुकले होते. प्रत्येकाला खात्री होती, की उद्या कुणीतरी उठेलच.

लीलंड मला खिशात घालून तळमजल्यावर कॉफी प्यायला गेला. तिथे क्लार्क आपला कप घेऊन त्याच्या शेजारी बसला. लीलंडची बायको आर्डिस दोन वर्षांपूर्वी वारली होती. जिल्ह्याच्या जत्रेत लोण्याच्या आणि चीजच्या स्पर्धेला ती जन्मभर परीक्षक होती. डेअरी कंपन्या जत्रेच्या मैदानात नवा हॉल बांधून देत होत्या, आणि त्याला आर्डिसचे नाव द्यायचे ठरले होते. लीलंड पाकिटात त्या पाटीचे चित्र बाळगून होता.

“तू काय केलंस, लीलंड? घंटा वाजवलीस,” क्लार्क म्हणाला. “उद्या नुसता बसून राहा. बसून राहायला काय लागतं?”

“आणि उठलो तर?”

“तर ऊठ की. मी कोण सांगणारा? फक्त कंपन्यांना काय सांगू, ते मला आत्ता सांगून ठेव. ऑगस्टात जत्रा आहे, आणि पाटी अजून रंगायची आहे.”

लीलंडने कॉफी तशीच ठेवली. वर आला तर जनेल त्याच्या मेजाजवळ उभी होती.

“मला कुणी नाही म्हणत नाही, लीलंड. जो तो खांद्यावर हात ठेवतो. खांदा दुखायला लागला माझा.”

“माझा दिवा लाल राहिला गं. देवाशपथ, मला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे शेवटी आले.” तिने त्याच्या खिशाकडे पाहिले. “टिल्डाला विकलं तेव्हा तिला बाहेर कोणी नेलं?”

 लीलंडने मला खिशातून काढून मेजावर ठेवले.

“मी नाही नेलं. मी आत रेडिओ मोठा करून बसलो होतो. भाऊ सांगत होता, हिची घंटा काढली तर ही जागची हलेना. आवाज नाही, तर चालायचं कशाच्या मागं, असं झालं असेल तिला.”

जनेलने आणखी काही मागितले नाही.

बुधवारी सकाळपासून कामकाज चालले होते. कुणी उठले नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. गॅलरी चिखलाचे बूट घातलेल्या शेतकऱ्यांनी भरली होती. दुपारी अध्यक्षांनी आणखी काही आहे का म्हणून विचारले, तेव्हा माझ्या मेजामागची खुर्ची करकरली. लीलंड उभा होता. तो म्हणाला, की काल आपण थट्टा केली आणि थट्टेच्या आड लपलो. माझे मत चुकून लाल राहिले, ते सुधारायचे आहे, आणि या वेळी बटणे नकोत, प्रत्येकाचे नाव पुकारून तोंडाने विचारावे.

नावे पुकारली गेली. काल ज्यांची बोटे पोचली नव्हती, त्यांच्या जिभा आज वेळेवर पोचल्या. वर बुटांची रांग बघत एकेकजण खणखणीत ‘हो’ म्हणाला. विधेयक इतक्या मतांनी मंजूर झाले, की विरोधात कोण होते हे कुणाला आठवेना. जनेलचे डोळे भरून आले. लीलंडने पाकिटातले पाटीचे चित्र काढून एकदा पाहिले आणि घडी घालून परत ठेवले. बाहेर कठड्याशी क्लार्कने सर्वांच्या आधी जनेलचे अभिनंदन केले.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरे वाटले असते. पण आमच्याकडे नवा कायदा एक जुलैला लागू होतो. सभागृहात हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि त्या बुधवारी एकाच्याही मनात आले नाही. क्लार्कच्या आले. त्याने कंपन्यांना फोन करून सांगितले, “जुलैला अजून अवकाश आहे.” त्याच आठवड्यात लहान गोठ्यांना पत्रे गेली. महिन्याची सूचना. कायद्याप्रमाणे अगदी चोख, कारण कायदा अजून जुनाच होता. एक पत्र जनेलच्या दारात आले. मे महिन्यात तिचा गोठा रिकामा झाला.

ज्यांना पत्रे गेली नाहीत ते गोठे त्या कायद्याने वाचले. आजही तिकडचे लोक म्हणतात, की हा ओसेनबाईंचा कायदा. थट्टेची पद्धत अध्यक्षांनी बंद केली, आणि माझे काम संपले. लीलंडने पुढची निवडणूक लढवली नाही. घरी जाताना त्याने मला जनेलच्या हाती दिले आणि म्हणाला, की तुझ्याकडे टिल्डाची आठवण नीट राहील.

तिने मला गोठ्याच्या दारावर लावले आहे. ती अजून विधानसभेत जाते. शुक्रवारी दुपारी गाडी काढायची सवय मात्र सुटली नाही. धारेच्या वेळी येऊन पोचते, दाराशी क्षणभर उभी राहते, मला हाताने हलू न देता धरते आणि घरात जाते. एरवी मला वारा वाजवतो. पण वाऱ्याला पाय नसतात, मित्रांनो. तो ओढ्यापाशी थांबत नाही, चढावर दमत नाही, खुशीत आला तरी रमतगमत चालत नाही. सकाळी धुके पडले, की मी अजून कान देते. एखादी तपकिरी, हट्टी गाय कुठून तरी येईल आणि मान माझ्याखाली घालेल, असे उगाच वाटते.

तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही मेजावर दोन बटणे येतील. चेष्टामस्करी जरूर करा, हसण्याने कुणाचे वाईट होत नाही. पण कुणाचे घर तुमच्या बोटावर अडलेले असेल, तर आधी बोट उचला आणि मग हसा. ‘कुणीतरी उठेलच’ असे वाटेल, तेव्हा आजूबाजूला पाहू नका. आणि चांगले काम हातून झाले, तर ते लागू कधी होणार, एवढे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.

आता कुणी काय भरले, ते सांगते आणि थांबते. क्लार्कचे गेले एक टोपली चीज. खिडकीजवळचे टेबल त्याला मिळाले आणि डेअरीचा मालक त्याला नावाने हाक मारतो. आमदारांचे काहीच गेले नाही. शेतकरीही खूश, कंपन्याही खूश. लीलंडने आर्डिसची पाटी दिली. हॉलवर आता कंपन्यांची नावे आहेत. जनेलने गोठा दिला. आणि उरलेले सगळे त्या एकोणचाळीस गाईंनी भरले, ज्यांना कुणी काही विचारलेच नव्हते.